निहोन शोकी: इतिहास म्हणायचा की दरबारी कथा?

पानवाचक: जपानवर काहीही वाचायला घेतलं की निहोन शोकी या जुन्या दरबारी इतिहासग्रंथाचं नाव येतंच. इ.स. ७२०, ३० खंड, सम्राज्ञी गेन्शोच्या दरबारात सादर वगैरे. पण त्यात पहिला सम्राट जिम्मू इ.स.पू. ६६० ला गादीवर बसतो आणि १२७ वर्षं जगतो! मग इतिहासकार याला एवढं का धरून बसलेत?

उंटावरचा: सुरुवातीचे खंड इतिहास म्हणून वाचायचेच नाहीत हो. काम सुरू करायला लावलं तेम्मू सम्राटाने, ६८१ मध्ये, आणि हा गडी ६७२ मध्ये सख्ख्या पुतण्याशी लढून गादीवर आलेला, म्हणजे थेट देवांपासूनची वंशावळ पक्की करून घ्यायची घाई कोणाला असणार ते समजून जा. तरी देवांच्या भागात 'एका ग्रंथात असं आहे' म्हणत एकाच कथेची वेगवेगळी रूपं शेजारी शेजारी ठेवलीत, हे मला जाम आवडतं. त्याच्या आधीच्या, ७१२ च्या कोजिकी या ग्रंथात एकच सलग कथा आहे.

शाईचा डाग: सगळंच थापा नाहीये पण. जपानमधल्या सैतामातल्या इनारियामा या जुन्या थडग्याच्या टेकाडात एक गंजलेली तलवार सापडली होती, १९७८ मध्ये एक्स-रे काढला तर सोन्याने कोरलेली ११५ अक्षरं! त्यात वाकाताकेरू नावाचा राजा आहे, बहुतेक अभ्यासक म्हणतात हा ग्रंथातला युर्याकू सम्राटच, साल ४७१. म्हणजे पाचव्या शतकापासून पाय जमिनीला लागायला लागतात.

रातकिडा: थोडं अवांतर, पण याच मालिकेत पुढे अजून पाच इतिहास झाले. शेवटचा सांदाइ जित्सुरोकु, ९०१ चा. त्यात ८६९ चा मुत्सु प्रांतातला भूकंप आहे, समुद्र आत घुसला आणि हजारभर माणसं बुडाली असं लिहिलंय. त्याच भागातल्या सेंदाइच्या मैदानात त्या लाटेने आणलेल्या वाळूचा थर भूशास्त्रज्ञांना २०११ च्या आधीच सापडला होता. दरबारी कारकुनाने लिहिलेल्या चार ओळी, आणि त्या खऱ्या निघाल्या. लक्ष मात्र २०११ च्या त्सुनामीनंतरच गेलं सगळ्यांचं.

पानवाचक: भारी! इंग्रजीत वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

उंटावरचा: अॅस्टनचं १८९६ चं भाषांतर आहे, भाषा जुनाट आहे पण चालतं. पहिल्या खंडापासून घेऊ नका, कंटाळाल. २८ वा घ्या, अख्खा खंड त्या काका-पुतण्याच्या लढाईवर आहे. फक्त लिहून घेणारा जिंकलेला पक्ष आहे एवढं ध्यानात ठेवा.