मारबतीच्या फोटोंतून कॅमेऱ्याची माहिती गायब, प्लग-इनही दिसेना : सल्ला हवा

धरमपेठकर :
नमस्कार. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीत काढलेले बारा फोटो मी एका स्पर्धेला पाठवले होते. शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोटो काढल्याची वेळ यांपैकी काहीच फाइलींत नसल्याचे कळवून आयोजकांनी ते परत केले. मूळ रॉ फाइलींत (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) ही माहिती आहे. फोटोशॉपमधून जेपीजी केल्यावर ती नाहीशी होते. शिवाय नवा संगणक घेतल्यापासून नॉइज (फोटोतील दाणेदारपणा) कमी करणारे माझे जुने प्लग-इन (फोटोशॉपला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) फिल्टर मेनूत येत नाही, जरी त्याची फाइल मी जुन्या संगणकावरून उचलून प्लग-इन्सच्या फोल्डरात ठेवली आहे. दोन्हींचे मूळ एकच असेल काय? फोटोशॉप काढून पुन्हा टाकावे का?

महालवासी :
पुन्हा टाकण्याची घाई करू नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बहुधा ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ वापरत असाल. तेथे मेटाडेटासाठी (फाइलीत फोटोसोबत साठवलेल्या माहितीसाठी) ‘काहीच नको’ किंवा ‘कॉपीराइट आणि संपर्क’ एवढेच पर्याय मिळतात, त्यामुळे कॅमेऱ्याची माहिती गळते. त्याऐवजी ‘सेव्ह अ कॉपी’ने जेपीजी करावी. ‘सेव्ह फॉर वेब’च वापरायचे असेल, तर मेटाडेटाच्या यादीत ‘ऑल’ निवडावे. तिथला ‘ऑल एक्सेप्ट कॅमेरा इन्फो’ हा पर्याय नेमकी आपल्याला हवी तीच माहिती वगळतो. फोटोचा लेअर नव्या कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये चिकटवला असेल, तरीही माहिती मागेच राहते. ‘फाइल इन्फो’मधील ‘कॅमेरा डेटा’ प्रत्येक टप्प्यावर उघडून पाहिल्यास गळती कुठे आहे ते कळेल.

प्लग-इनचे नाव मेनूत आहे पण फिकट दिसते, की नावच नाही, हे आधी पाहावे. फिकट असेल तर ते लोड झालेले आहे. १६ बिटची (रंगांच्या जास्त छटा साठवणारी) किंवा सीएमवायके (छपाईच्या रंगांतील) प्रतिमा त्याला चालत नसेल. नावच नसेल, तर ते ३२ बिटचे, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोग्रॅमसाठी बनवलेले, असण्याची शक्यता मोठी, कारण ६४ बिटचे फोटोशॉप असे प्लग-इन लोडच करत नाही. तसे असल्यास फाइल कितीही फोल्डरांत फिरवली तरी उपयोग नाही. निर्मात्याकडून ६४ बिटची आवृत्ती घ्यावी आणि तिच्याच इन्स्टॉलरने बसवावी.

सदरकर :
माझी भर पाठवण्याबाबत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

संपादन झालेल्या फाइलींवर पुन्हा मेहनत नको असेल, तर एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने मूळ फाइलीतील माहिती जेपीजीत उतरवता येते. त्यात मी एकदा फसलो आहे : उभ्या फोटोची दिशा सांगणारी नोंदही सोबत आली आणि सरळ केलेला फोटो पुन्हा आडवा झाला. ती नोंद वगळावी आणि काय केले ते आयोजकांना मोकळेपणाने सांगून रॉ फाइल दाखवण्याची तयारी ठेवावी.

धरमपेठकर :
दोघांचेही आभार. ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’च निघाले. प्लग-इन ३२ बिटचे होते; नवी आवृत्ती बसवताच मेनूत आले. ‘सेव्ह अ कॉपी’ने दहा फोटोंत सर्व माहिती आली. उरलेल्या दोहोंत अ‍ॅपर्चर रिकामेच आहे, कारण काळ्या मारबतीचे ते फोटो मी विद्युत जोडणी नसलेल्या जुन्या मॅन्युअल लेन्सने काढले होते आणि ती नोंद कॅमेऱ्यापर्यंत कधी पोहोचलीच नव्हती. आयोजकांना तसे कळवले आहे.