ऑफिसच्या मेलमधलं 'डू द नीडफुल' सोडायचं तर मग लिहायचं काय?

वाकडची_टेस्टर

नमस्कार मंडळी, मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, सहा वर्षं झाली. शाळा मराठी माध्यमाची, इंग्लिश वाचायला समजायला काही अडत नाही पण लिहिताना सीनियर लोकांच्या मेलमध्ये जे दिसलं तेच उचलत गेले. गेल्या आठवड्यात गंमत झाली, म्हणजे आता गंमत वाटतेय, तेव्हा घाम फुटला होता. आयर्लंडच्या टीममधल्या एकाने कोडमध्ये काही बदल टाकले होते, त्यावर माझे दोन प्रश्न होते, ते लिहिले आणि शेवटी सवयीने 'प्लीज रिव्हर्ट बाय टुडे' ठोकून दिलं. मला म्हणायचं होतं की आजच्या आज उत्तर दे बाबा. त्या बिचाऱ्याने खरंच बदल रिव्हर्ट केले, कोड आधीच्या जागी नेऊन ठेवला आणि वर 'डन' म्हणून कळवलं!! संध्याकाळची बिल्ड (सगळा कोड जोडून तयार होणारी आवृत्ती) गेली.

आता मॅनेजरने सगळ्यांना यादी पाठवलीय, हे शब्द वापरू नका म्हणून: रिव्हर्ट, डू द नीडफुल, द सेम, प्रीपोन, डाउट, पास्ड आउट, डिस्कस अबाउट... पण त्याऐवजी काय लिहायचं ते काहीच नाही. हे सगळं खरंच चूक आहे का? आणि मला एक डाउट आहे (हेही चालत नाही म्हणे), हे सगळे शब्द नसताना मेल लिहायचा कसा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कराडचा_गडी

मी सात वर्षं डब्लिनला आहे त्यामुळे तुमच्या त्या आयरिश माणसाची बाजू घेतो :) इकडे रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं एवढंच. कायद्याच्या भाषेत जमीन मूळ मालकाकडे परत जाते तेव्हा ती रिव्हर्ट होते. 'उत्तर द्या' हा अर्थ आपल्याकडे चालतो, सिंगापूर मलेशियात चालतो, बाकीकडे लोक गोंधळतात, आणि समोर कोड असेल तर गोंधळतही नाहीत, सरळ करून मोकळे होतात. साधं 'रिप्लाय' लिहा, नाहीतर 'लेट मी नो'.

पण माझ्या मते तुमच्या वाक्यातला 'टुडे' सुद्धा तितकाच गडबडीचा आहे. कुणाचा टुडे? उन्हाळ्यात आयर्लंड भारताच्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. त्यात आपल्या वेळेलाही आयएसटी म्हणतात आणि इथल्या उन्हाळी वेळेलाही आयएसटीच म्हणतात, आयरिश स्टँडर्ड टाइम. मी एकदा याच्यापायी एका कॉलला एकटाच बसून होतो. तेव्हापासून 'फोर पीएम डब्लिन टाइम' असं शहराचं नाव टाकूनच लिहितो.

नीडफुलचं म्हणाल तर तो शब्द इकडच्या लोकांना कळतो, फक्त आजोबांच्या कपाटातून काढल्यासारखा वाटतो. खरी अडचण वेगळीच आहे. 'टेस्ट सर्व्हर डाउन आहे, प्लीज डू द नीडफुल' यात वाचणाऱ्याने करायचं काय? रीस्टार्ट? की सपोर्टवाल्यांकडे तक्रारीचं तिकीट काढायचं? की नुसतं बघून ठेवायचं? 'कॅन यू रीस्टार्ट द टेस्ट सर्व्हर बिफोर थ्री' असं लिहिलं की संपलं.

पास्ड आउट मात्र नक्की बदला. 'आय पास्ड आउट इन २०१८' म्हणजे २०१८ साली चक्कर येऊन पडलो. ग्रॅज्युएटेड लिहा. खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड बरोबर आहे हां, लष्करात तो शब्द तसाच आहे, पण आपण सगळेच काही कॅडेट नाही.

निवृत्त_हेडक्लार्क

वरच्या चिरंजीवांनी आजोबांचं कपाट काढलं म्हणून लिहितो. नीडफुल हा शब्द आम्ही घरी तयार केलेला नाही, साहेबांच्या कचेरीतूनच आला. त्यांच्याकडे तो मागे पडला, आमच्याकडे राहिला. आणि तो राहण्याला कारण आहे. ३४ वर्षं मी टिपण्या लिहिल्या: 'उपरोक्त विषयास अनुसरून, पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर'. यातलं 'योग्य ती' म्हणजेच तुमचा नीडफुल. खालच्या माणसाने वरच्या साहेबाला अमुक करा असं कसं सांगायचं? म्हणून काय करायचं ते साहेबांवर सोडायचं, वर उद्या काही बिनसलं तर आपण कुठे अडकत नाही. तेव्हा तो शब्द मोघम आहे हे मान्य, पण तो मुद्दाम मोघम आहे. ताईंना आयर्लंडच्या सहकाऱ्याला लिहायचं आहे, तिथे तो साहेबही नाही आणि ताई कारकूनही नाहीत, मग स्पष्ट लिहायला हरकत काय.

बाकी साहेबाच्या देशातही हेच दुखणं होतं. १९४८ साली तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांनी सोपं इंग्लिश कसं लिहावं यावर पुस्तक लिहिलं. आम्ही तोवर स्वतंत्र झालेलो, त्यामुळे सुधारणा आमच्यापर्यंत पोचली नसावी :)

मावशी_इंग्लिशवाली

काका, 'मुद्दाम मोघम' एकदम पटलं!

मी नववी-दहावीला इंग्लिश शिकवते. यादी पाठ करून काही होत नाही हो, माझ्या मुलांचंही होत नाही. त्यापेक्षा इंग्लिश वाक्याखाली कुठला मराठी शब्द बसलाय ते शोधायचं. 'डाउट' खाली शंका बसलीय. आपल्याकडे वर्गात शंका विचारायची आणि एखाद्याच्या हेतूवर शंका घ्यायची, शब्द एकच, इंग्लिशमध्ये मात्र डाउट म्हटलं की दुसराच अर्थ आधी येतो, म्हणजे तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही असं. म्हणून 'आय हॅव अ क्वेश्चन'. 'डिस्कस अबाउट' खाली आपलं 'बद्दल', डिस्कसला ते लागत नाही. 'रिटर्न बॅक' खाली 'परत'. 'टुडे मॉर्निंग' म्हणजे आज सकाळी, तिथे 'धिस मॉर्निंग', आणि काल रात्री म्हणजे 'लास्ट नाइट'.

सगळ्यात चिवट आपला 'च'. 'मी पुण्यातच आहे' हे 'आय ॲम इन पुणे ओन्ली' होतं. च काढून टाकला की इंग्लिश वाक्य सरळ होतं पण मराठी माणसाला अळणी लागतं, त्याला इलाज नाही. आणि कझिन ब्रदर मी मुलांच्या वहीत खोडते पण मनातून नाही, चुलत मामे आते मावस अशी चार चार नाती असताना नुसता कझिन म्हणजे काय, तो भाऊ की बहीण तेही कळत नाही.

प्रीपोन_बचाव_समिती

यादीतून प्रीपोन (पोस्टपोनच्या उलट, म्हणजे अलीकडे आणणं) काढा, कडक निषेध. शब्दकोशात भारतीय इंग्लिश म्हणून रीतसर नोंद आहे त्याची. आणि त्याऐवजी मॅनेजर काय सुचवणार, 'मूव्ह्ड फॉरवर्ड'? बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली म्हटलं की जन्मापासून इंग्लिश बोलणारे सुद्धा निम्मे सोमवार समजतात आणि निम्मे शुक्रवार! प्रीपोनमध्ये असला गोंधळ होत नाही, ऐकणाऱ्याला शब्द माहीत असला म्हणजे झालं. नसेल माहीत तर 'नाऊ ऑन मंडे' एवढंच लिहा.

अवांतर: माझा अमेरिकन साहेब 'शुड ऑफ' लिहितो, शुड हॅवच्या जागी. त्याला कोण यादी पाठवत नाही.

वाकडची_टेस्टर

सगळ्यांना खूप धन्यवाद. मावशी, मी कालचे माझे दहा मेल उघडून बघितले, सात ठिकाणी 'ओन्ली' :( आणि 'द सेम' तर मोजलेच नाहीत, 'प्लीज चेक अँड कन्फर्म द सेम' मध्ये सेम म्हणजे नक्की काय ते मलाच आठवेना, तिथे आता सरळ त्या गोष्टीचं नाव लिहायचं ठरवलंय.

काका, तुमचं वाचून एक लक्षात आलं, मी नीडफुल लिहिते तेव्हा बऱ्याचदा मलाच माहीत नसतं की समोरच्याने काय करायला हवंय. आज त्याच आयरिश मुलाला मेल टाकताना पाच मिनिटं त्यातच गेली. शेवटी दोनच ओळी गेल्या, लॉगिनचा बदल टेस्टला टाकशील का, चारच्या आत. उत्तर ३.५० ला आलं.

कराडचा_गडी

कुणाच्या ३.५० ला?