मदत हवी आहे: २०१५चा पेटन मॅनिंग, चूक पद्धतीची की पायाची?

नमस्कार मंडळी, अमेरिकन फुटबॉलमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोस संघाच्या २०१५च्या मोसमावरून आमच्यात दोन तट पडलेत. बाकीचे म्हणतात, ३९ वर्षांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) मॅनिंग संपलाच होता. मला वाटतं, नवा प्रशिक्षक गॅरी कुबियाकची पद्धत त्याच्या अंगवळणी पडलीच नाही.

आधी तो बहुतेक शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून (चेंडू मागे देणाऱ्यापासून) काही यार्ड मागे उभा राहून, बचावफळी वाचायचा आणि ओरडून चाल बदलायचा. कुबियाककडे सेंटरला चिकटून चेंडू घ्यायचा, रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) दिल्याचं नाटक करायचं, म्हणजे क्षणभर बचावाकडे पाठ! पुढे तडजोड म्हणून पिस्टल (मागेच, पण शॉटगनपेक्षा सेंटरच्या जवळ उभं राहणं) आलं. तरी १० सामन्यांत ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास). कॅन्सस सिटीविरुद्ध तर २० पैकी ५ पास, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन. पासिंग यार्डांचा माजी क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा विक्रम मोडला त्याच दिवशी त्याला बाहेर बसवलं. अजूनही पाहवत नाही.

पण डाव्या तळव्याला दुखापतही होती, आणि उजव्या हाताने फेकताना भार त्याच पायावर येतो. इथेच माझं अडतं.

इंटरसेप्शन एकेक करून, थांबवून थांबवून पाहिले. टीव्हीच्या चित्रणात रिसीव्हर (पास झेलणारा) लगेच चौकटीबाहेर जातो. वरून घेतलेलं पूर्ण मैदानाचं चित्रण माझ्याकडे नाही. सुपर बोल ५०चा (त्याच मोसमाच्या अंतिम सामन्याचा) दाखला कृपया नको, तो बचावफळीने जिंकला.

तर फक्त टीव्हीच्या चित्रणावरून, पास पायामुळे कमी पडला की रिसीव्हरशी वेळ जुळली नाही म्हणून, हे नेमकं कशावरून ओळखायचं?