जहाजाच्या मॉडेलसाठी छोटं मिलिंग मशीन घ्यावं, की ड्रिलवरच भागेल?

शिडवाला_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. 'त्रिंकोमाली' करायला घेतलंय, स्केल १:६४. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका; आज इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. फासळ्या झाल्या, आता डेकवरच्या लाकडी जाळ्यांवर गाडी अडलीय. पट्टी १ मिमी, फट १ मिमी. हातकरवतीनं दोन खाचा एकसारख्या येईनात. घरी बेंच ड्रिल आहे. त्याला एक्स-वाय वाईस (आडवं-उभं सरकणारा शिकंजा) लावलं तर जमेल का, की सरळ प्रॉक्सॉनचं एमएफ ७० हे छोटं मिलिंग मशीन घेऊ? कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये एकजण म्हणाला, "आणा की, एम वन टीआरवर मारून देतो." म्हणजे कारखान्यातलं मोठं मिलिंग मशीन.

पंचगंगा_घाट
घ्या हो. घरात आधी सांगू नका एवढंच.

टूलरूम_काका
ड्रिलचं आधी डोक्यातनं काढा. त्याच्या स्पिंडलनं वरनं खाली येणारा जोर सोसायचा असतो, मिलिंगला जोर आडवा येतो. बिट धरणारं चक निमुळत्या दांड्यावर (टेपरवर) नुसतं दाबून बसवलेलं असतं. आडव्या थरथरीनं ते सुटलं की कटरसकट फिरत खाली येतं. बोटं जवळच असतात.

एम वन टीआरवाल्याला नमस्कार करा आणि घरी या. शिरोलीच्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी त्याच मशीनवर गेली, त्याला नावं ठेवणार नाही. पण ते लोखंडाचं मशीन. १ मिमीचा कटर त्यावर सावकाश फिरणार, टेबल जरा जोरात सारलं की गेलाच. एवढ्या बारीक कटरला फेरे पाहिजेत, ताकद नको. एमएफ ७० ची मोटर १०० वॉटची, आमच्या उद्यमनगरात मिक्सर म्हणून हसतील. पण फेरे ५,००० ते २०,०००.

तुमच्या जाळीला तर ते मापातच बसतं. हँडव्हीलचा एक फेरा म्हणजे १ मिमी, एक रेघ ०.०५. एक खाच मारली की चाकाचे पुरते दोन फेरे, मग पुढची. मात्र चाक नेहमी एकाच दिशेनं फिरवत मापावर यायचं. पुढं गेलात तर चांगलं फेराभर मागं जाऊन परत या, नाहीतर स्क्रूची ढिलाई मापात येते. टेबल एक्सला, म्हणजे डावी-उजवीकडं, १३४ मिमी सरकतं, वायला, म्हणजे मागं-पुढं, फक्त ४६. म्हणून खाचा वायमध्ये मारा, मोजणी एक्सवर.

लाकूड कसं धरायचं? यातच सगळं काम आहे. एमडीएफचा तुकडा टेबलाला बोल्टानं आवळा, ३ मिमीच्या कटरनं त्याचा माथा साफ करा, तो हलवू नका आणि त्यावर डबल टेपनं फळी चिकटवा. आता खाचेची खोली सगळीकडं सारखीच येणार. २ मिमीची फळी असेल तर खोली १. धागा खाचेला आडवा ठेवा आणि कटर बाहेर पडतो तिथं टाकाऊ पट्टी टेकवा, नाहीतर कड उडते. मग फळीच्या पट्ट्या चिरा, एकमेकींत अडकवा, झाली जाळी. कटर कितीही चांगला असला तरी किंचित हलतो, खाच १ पेक्षा केसभर मोठी होते. म्हणून आधी खाच मारायची, पट्टी मागनं खाचेला लावून घासायची.

आणि एक. मूळ जहाज सागवानी म्हणून मॉडेलला सागवान घेऊ नका. १:६४ ला त्याची छिद्रं भोकांसारखी दिसतात. सॉ मिलमध्ये हेदू मागा, पिवळसर असतो, धागा बारीक.

हुपरीकर
गुजरीत सोनारी हत्यारांच्या दुकानात बर, म्हणजे कोरायची बारीक टोकं, मिळतात. दांडी २.३५ मिमी, या मशीनच्या २.४ च्या कोलेटमध्ये (कटर धरायच्या चिमट्यात) बसते. कोरीवकामाला झकास. खाचेला मात्र दोन धारेचा कार्बाइड एंडमिल (मिलिंगचा कटर) बघा, ३.१७५ दांडीचा, तो ३.२ मध्ये बसतो.

शिडवाला_राजारामपुरी
काका, मग तोफांची भोकं आणि डोलकाठ्या पण यावरच?

टूलरूम_काका
नाही. जहाजाचं पोट गोलाईचं, ते टेबलावर धरणार कसं? भोकं कानसनंच. तोफगाड्यांच्या बाजू मात्र यावरच करा, चार फळ्या एकावर एक चिकटवून एकदम; सगळे गाडे जुळे निघतात. डोलकाठी टेबलापेक्षा लांब, तिला रंधा. चौकोनाचा अष्टकोन, मग गोल.

मशीन आलं की स्लाइडना तेल चोपडत बसू नका. भुसा तेलात कालवला की त्याची पॉलिश पेस्ट होते आणि स्लाइडच खाते. कोरडं मेण लावा, रोज ब्रशनं झाडा. आणि मास्क. हेदूचा भुसा लई बारीक.