कंपन्यांच्या आधीची स्पिरुलिना

स्पिरुलिनाला (पाण्यात वाढणारं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ, वाळवून खातात) कुणीतरी ‘कंपन्यांनी काढलेलं फॅड’ म्हटलंय. आफ्रिकेत चाड सरोवराजवळच्या कानेम्बू जमातीच्या बायका ती पिढ्यान्‌पिढ्या काढताहेत! अल्कधर्मी (सोड्यासारखे क्षार असलेल्या) डबक्यांवरची हिरवी साय गोळा करायची, वाळूतल्या उथळ खळग्यात ओतायची, पाणी जिरलं की वड्या पाडून उन्हात वाळवायच्या. याला ‘दिहे’ म्हणतात. बाजरीच्या गोळ्याबरोबरच्या कालवणात घालतात. दाताखाली वाळू येते, म्हणून पुढे कापडातून गाळून वाळवायची पद्धत तिथे शिकवली गेली.

सुक्या मालात प्रथिनं साठेक टक्के. पण हुरळू नका, दिवसाला १० ग्रॅम खाल्ली तरी ६ ग्रॅमच मिळतात. तेवढी वाटीभर घट्ट वरणातही असतात. आणि त्यातलं बी-१२ बहुतांशी शरीराच्या उपयोगाचं नसतं, डबीवर काहीही छापलेलं असो.