मदत हवी आहे: कोल्ट आर्टिलरी रिव्हॉल्व्हरची नळी अस्सल की मागाहून बसवलेली?

अमेरिकेतल्या एका लिलावात कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर (१८७३ चं मॉडेल, .४५ कॅलिबर) आली आहे. फ्रेमवर 'यू.एस.' ही सरकारी खूण, नळी ५½ इंच. फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि मुठीची मागची पट्टी, तिन्हींवरचे नंबर वेगळे. त्याची चिंता नाही. १८९५ पासून लष्करासाठी ७½ इंची नळ्या कापून ५½ इंची केल्या गेल्या (त्यांनाच 'आर्टिलरी' म्हणतात) तेव्हा सुटे भाग एकमेकांत मिसळलेच.

खटकतोय तो नळीवर कोरलेला कोल्ट कंपनीचा पत्ता. तो अगदी मधोमध आहे. पुढून दोन इंच कापले असते तर तो तोंडाकडे सरकलेला दिसायला हवा ना? शिवाय स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, म्हणजे घासून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेलं. मुठीवरचा 'आर.ए.सी.' (लष्करी तपासनीस रिनाल्डो ए. कार यांची आद्याक्षरं) हा शिक्का मात्र ठसठशीत!

इजेक्टरची (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची) नळी काढल्यावर बंदुकीच्या मुख्य नळीच्या खालच्या बाजूला नंबर सापडलाच नाही, तर सौदा सोडावा का? जाणकारांनी कृपया सांगा.