फ्रीसिव्हमध्ये कोकण किनाऱ्याचा सिनारिओ (१७२१ ते १७५६): खेळ कोकणातला वाटतच नाहीये

सुकाणू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते शेवटी करायला घेतलंय. फ्रीसिव्हमध्ये (शहरं वसवून राज्य वाढवायचा, टर्न घेत खेळायचा कॉम्प्युटर गेम) दमण ते गोवा असा उभा नकाशा काढलाय, पोर्तुगीज, मुंबईकर इंग्रज, जंजिऱ्याचा सिद्दी, आंग्रे आणि पेशवे असे पाच खेळाडू. सुरुवात १७२१, कारण त्या वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. शेवट १७५६, आंग्र्यांचा विजयदुर्ग पडतो तिथे.

आता रडगाणं. एआयचा पोर्तुगीज वसईत आणि गोव्यात तटबंदी करून ढिम्म बसतो, इंग्रज मोकळी जागा दिसली की सेटलर (शहर वसवणारं युनिट) काढून थेट महाडपर्यंत शहरं वसवत सुटतो, आणि मी पेशवे घेतले की सगळा पैसा विज्ञानात ओततो, फ्रिगेटी (मोठी लढाऊ जहाजं) काढतो आणि एकेकाला बडवतो, सिद्दी तर चहा होईस्तोवर संपतो. म्हणजे उघड्या समुद्रात टोपीकरांच्या मोठ्या जहाजांशी भिडून जिंकणं, जे प्रत्यक्षात आपल्याला क्वचितच जमलं, ते इथे सगळ्यात सोपं, आणि चिमाजी अप्पांनी जमिनीवरून वसई घेतली तसं काही करायची गरजच पडत नाही.

एक मित्र म्हणाला आंग्र्यांना सरळ बार्बेरियन करून टाक, समुद्रातून चाचे उतरतात ते गेममध्ये आहेच. पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नाहीये. कोणी असलं काही केलंय का?

तांडेल_७

मित्राचं अजिबात ऐकू नकोस. कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख होते, कुलाब्यापासून विजयदुर्गापर्यंत ठाणी, वसूल, कारकून, सगळा कारभार राज्यासारखा. बार्बेरियनशी तह करता येत नाही, आणि आंग्र्यांशी या पाचातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी तहाची बोलणी केलीयेत.

मूळ लोचा वेगळाच आहे रे. तुझ्या गेममध्ये भांडण जमिनीचं आहे, किनाऱ्यावर ते परवान्याचं होतं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना विकत होते, तो कागद जवळ नसेल तर जहाज जप्त. कान्होजींनी तेच केलं, आमच्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या. इंग्रज म्हणाले आम्हाला लागू नाही, आणि वर आपल्या आश्रयाच्या देशी व्यापाऱ्यांनाही स्वतःचे परवाने द्यायला लागले, झालं, पेटलं. म्हणून शहरं मोजत बसू नकोस, जहाजांची ये-जा मोज.

कसं करायचं तर सुरत हा सहावा खेळाडू घे, लढाऊ काही नाही, नुसती व्यापारी शिबाडं सोडणारा. शिबाड दक्षिणेच्या बंदरात पोचलं की दोन्ही टोकांना पैसे, हे ल्युआ स्क्रिप्टमधून (गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम) खजिन्यात टाकता येतं. आता शिबाडाला युनिटच्या फाईलमध्ये पकडता येण्याजोगं कर आणि गलबताला (आंग्र्यांचं छोटं चपळ जहाज) पकडणारं. गंमत पुढे आहे. फ्रीसिव्हमध्ये नकाशाच्या त्याच घरात पकडता न येणारं एक जरी युनिट असेल तर पकडापकडी होतच नाही, लढावंच लागतं. म्हणजे शिबाडांसोबत एक लढाऊ जहाज ठेवलं की झाला काफिला, त्यासाठी वेगळा नियम लिहायलाच नको. आणि एकटं मागे राहिलेलं शिबाड आंग्र्यांच्या पोटात.

गलबताला तोफेचा मारा मात्र अगदी कमी ठेव, त्याचा जोर वल्ह्यांवर. तोफा गुराबेला, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाला.

घाटावरचा_गडी

तांडेलांना +१. मी फक्त नकाशाचं बोलतो, कारण निम्मा इतिहास तिथेच आहे.

खाडी हा वेगळा भूप्रकार कर. टेरेनच्या फाईलमध्ये कुठल्या वर्गाचं युनिट कुठे चालेल ते लिहिलेलं असतं, तिथे खाडीसमोर फक्त उथळ बुडाच्या जहाजांचा वर्ग लिही, फ्रिगेट आपोआप बाहेर. गलबतं खाडीत घुसली की मोठं जहाज नुसतं तोंडाशी घिरट्या घालणार, तुला हवंय ते हेच. साष्टी नीट काढ, ठाण्याची खाडी आणि वसईची खाडी दोन्ही दाखव, नाहीतर १७३७ ला मराठे आधी ठाण्यावर का गेले तेच खेळणाऱ्याला कळणार नाही.

सह्याद्रीत तोफा चढू देऊ नकोस. सिव्ह२सिव्ह३ च्या नियमांत अवजड युनिटं रस्त्याशिवाय डोंगरात जात नाहीत, तेच उचल, आणि रस्ता फक्त बोरघाट, कुंभार्ली, आंबा अशा मोजक्या घाटांना दे. पेशव्यांची तोफ एकदा खाली उतरली की परत वर न्यायला किती टर्न जातात बघ, मग माणूस विचार करून मोहीम काढतो.

शहरं वसवणं बंद. भूप्रकारालाच शहर-बंदीचा फ्लॅग लागतो, सगळ्या नकाशाला लाव, जी ठाणी तू मांडलीस तीच. विज्ञानाचा खर्च इतका वाढव की ३५ वर्षांत एखादाच शोध लागेल.

आणि जंजिरा! मरीन (जहाजावरून थेट शहरावर हल्ला करणारी तुकडी) काढून टाक नियमांतून, बस. एका घराच्या बेटावरचं शहर पायदळाला होडीतून उतरून थेट घेता येत नाही, जहाजांना तर घेताच येत नाही. तोफा डागत बसा वर्षानुवर्षं. सिद्दीला बाकी काही ताकद द्यायची गरज नाही.

सुकाणू

कमाल आहे लोकहो, खाडीचं आजच करून बघितलं, इंग्रजांचं मोठं जहाज खाडीच्या तोंडाशीच अडकून बसलं, जाम हसलो.

पण मरीन काढले तर सुवर्णदुर्गाचं काय? तोही बेटावरच आहे आणि १७५५ ला कमोडोर जेम्सने घेतला ना. दुसरं म्हणजे पावसाळा. वर्षाला चार टर्न धरले तर ३५ वर्षांचे १४० होतात, कॅलेंडरला तसे तुकडे पाडता येतात ते सापडलं. मी पावसाच्या टर्नला बंदराबाहेरची जहाजं स्क्रिप्टने बुडवतोय, पण एआयला अक्कलच नाही, दर पावसाळ्यात पोर्तुगीजांचं अख्खं आरमार तळाला.

तांडेल_७

सुवर्णदुर्गासाठी १७५५ उजाडलं की स्क्रिप्टने इंग्रजांना मुंबईत एकच मरीन तुकडी दे. मेली की संपलं.

एआयची जहाजं बुडवू नकोस, पावसाळ्याला त्याच्या खजिन्यातून डागडुजीचे पैसे काप. माणूस खेळत असेल त्याची मात्र खुशाल बुडव, नारळी पौर्णिमेआधी समुद्रात कशाला गेला होता?

जुनी_वही

उशिरा आले धाग्यावर. बाकी छान चाललंय, पण वसई राहिली की.

पावसाळा फक्त जहाजांना लावू नका, वेढ्यालाही लावा. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा पडला आणि मे महिन्यात किल्ला पडला, म्हणजे पाऊस तोंडावर होता. त्यात तिकडे नादिरशहा दिल्लीत शिरलेला, बाजीरावांना उत्तरेची काळजी, फौज फार दिवस कोकणात ठेवणं परवडणारं नव्हतं. तेव्हा पेशव्यांना वेढ्यासाठी जास्तीची फौज द्या, पण ती पावसाच्या टर्नला आपोआप घाटावर परत जाऊ दे. मग खेळणारा सुरुंग लावण्याची घाई करतो की नाही बघा.

आणि पोर्तुगीज ढिम्म बसतो ही तक्रार मला पटत नाही. बसणारच, माणसं होती किती त्यांच्याकडे? गोव्याहून कुमक आली तरच वसई टिकणार, आणि ती कुमक अडकवायलाच त्याच सुमाराला व्यंकटराव घोरपडे गोव्यात मडगावच्या बाजूला उतरले. हा दुहेरी डाव खेळणाऱ्याला सुचला पाहिजे. त्यासाठी वसईत कुठलंही बांधकाम चालू देऊ नका, युनिटं फक्त गोव्यात तयार होऊ देत आणि समुद्राने वर येऊ देत. इंग्रजांना त्या वेळी अंतर राखून ठेवा. दारूगोळा थोडाफार द्यायचा, कर्ज द्यायचं तर चर्चची चांदी तारण घ्यायची, आणि किल्ला पडला की त्याच वर्षी मराठ्यांशी तह. एआयला एवढं साधणार नाही, म्हणून इंग्रज खेळायला माणूसच बसवा, नेटवर्कवर दोन-तीन जण जमले तर हा सिनारिओ खरा रंगेल. एकट्याने खेळण्यासारखा तो मला तरी वाटत नाही.

सुकाणू

ताई, वेढ्याची फौज परत जाण्याची आयडिया घेतली. माणसं जमवतो, दोघं तयार आहेत. पण मग शेवटाचं कोडं पडतं. १७५६ ला पेशवे इंग्रजांबरोबर जाऊन तुळाजी आंग्र्याचं आरमार बुडवतात. आज पेशवे घेऊन बसलेला कुठला शहाणा माणूस हे करेल? सगळ्यांना पुढचं माहितीये.

जुनी_वही

करेल, त्याच्या खिशाला कात्री लावा. कान्होजी गेले १७२९ ला, त्यांचा मुलगा सेखोजी १७३३ ला, आणि मग भावाभावांत फूट, कुलाबा मानाजीकडे, दक्षिणेची ठाणी संभाजीकडे आणि पुढे तुळाजीकडे. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता. म्हणून १७३५ ला आंग्रे दोन खेळाडू करा. गेममध्ये यादवीचं फंक्शन आहे पण कुठली शहरं फुटतील ते नशिबावर, त्यापेक्षा दोघं आधीपासूनच वेगळे मांडून तोवर युती ठेवा. मग तुळाजीचा खेळाडू पेशव्यांच्या बंदरांतली शिबाडंही धरू लागला, वसूल आटला, आणि समोरून मुंबईकर मदतीला तयार असले, की माणूस बरोब्बर सही करतो. पुढचं माहीत असूनही.

घाटावरचा_गडी

आणि सही केल्यावर विजयदुर्ग आधी इंग्रजांच्याच हातात पडू दे, लगेच पेशव्यांना देऊ नकोस. बदल्यात बाणकोट मागायचं, तसंच झालं होतं. सुकाणू, बाणकोट मांडलंयस का नकाशात? सावित्रीच्या मुखाशी एक घर मोकळं ठेव. आणि फाईल चढव कुठेतरी, माझ्याकडे रविवार मोकळा आहे, सिद्दी मी घेतो.